पिकअपला हिवाळी टायर घ्यावेत का? इंदूर ते किब्बर, फेब्रुवारी

मालवा_पिकअप

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर, टायरचं माप २४५/७० आर१६. येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघं तीच घेऊन स्पितीतल्या किब्बरला जाणार आहोत, हिमबिबट्या पाहायला आणि जमलं तर त्याचे फोटो काढायला. कडाक्याच्या थंडीत भरल आणि आयबेक्स चरायला खाली येतात, त्यांच्या मागोमाग तोही गावाजवळच्या कड्यांवर उतरतो. त्यामुळे जायचं तर हेच दिवस.

मनालीकडून जाणं शक्य नाही. अटल बोगदा २०२० साली सुरू झाला खरा, पण तो लाहौलपर्यंत नेतो. पुढची कुंझुम खिंड हिवाळाभर बंदच असते. म्हणजे सिमला, नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा हाच रस्ता. रात्रीचं तापमान उणे वीसच्या आसपास धरून चाललोय.

सध्याचे टायर कंपनीतून आलेले, साध्या हायवेच्या नक्षीचे, आणि बऱ्यापैकी झिजलेले. बदलायचेच आहेत. गाडी उरलेलं वर्ष इंदुरात असते, पावसाळ्यात सांवेरच्या शेतावर, उन्हाळ्यात एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर. देवास नाक्यावरची आणि ट्रान्स्पोर्ट नगरातली दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच सल्ला मिळाला, एमटी म्हणजे खास चिखलासाठी बनवलेले टायर घ्या: "एमटी टाका भिया, कुठेच अडणार नाही." हिवाळी टायर म्हटलं की मागवावा लागेल, नक्की सांगता येणार नाही, असं उत्तर. पिथमपूरला ब्रिजस्टोन, बडोद्याजवळ लिमड्याला अपोलो, ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेके, म्हणजे इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर या आपल्या तिन्ही गावांच्या उंबरठ्यावर टायरचे कारखाने आहेत, पण आपल्या हवेत ज्याची गरजच पडत नाही तो माल दुकानात कुठून असणार?

तर प्रश्न असा: खरे हिवाळी टायर मागवावेत, एटी (सगळ्या तऱ्हेच्या रस्त्यांसाठीचे) टाकून बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवाव्यात, की दुकानदार म्हणतात तसं एमटी? ज्यांनी बर्फात गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. गाडीत माझ्याबरोबर आणखी तिघं असणार आहेत.

---

देपालपूरकर

एमटी घ्या. मी आमच्या पिकअपला एमटीच वापरतो. सोयाबीनच्या दिवसांत आपल्या काळ्या मातीत एटीची नक्षी पहिल्या पन्नास पावलांत भरून जाते आणि चाक नुसतं गुळगुळीत गोल होऊन फिरतं. एमटीचे ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद, चाक फिरलं की माती झटकली जाते आणि टायर परत पकड घेतो. बर्फ म्हणजे तरी काय, पांढरा चिखलच. शिवाय दगडधोंड्याच्या रस्त्यावर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, मजबूत लागते, तीही एमटीची चांगली असते.

---

सुदामानगर_कॅलगरी

मी मूळची इंदूरची, बरीच वर्षं कॅलगरीत आहे. घरी फोर्ड एफ-१५० आहे आणि हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियातली रॉजर्स पास ही खिंड ओलांडून जाणं-येणं असतं, म्हणून जरा लांब लिहिते.

देपालपूरकर दादा, चिखलाबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आपल्या काळ्या मातीत मीही गाड्या रुतलेल्या पाहिल्या आहेत. पण बर्फाचं गणित नेमकं उलटं आहे. चिखल टायरने झटकून टाकायला हवा. बर्फ टायरने धरून ठेवायला हवा. बर्फाला सगळ्यात घट्ट पकडतो तो बर्फच, रबर नव्हे. हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडने घातल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. चाक दाबलं गेलं की त्या उघडतात, बर्फ आत घट्ट बसतो आणि तो खालच्या बर्फाला धरतो. एमटीच्या मोठ्या, सलग ठोकळ्यांवर अशा चिरा फार कमी असतात. खोल, भुसभुशीत ताज्या बर्फात एमटी रेटत पुढे जाईल. पण रस्त्यावरचा बर्फ तसा नसतो. तो गाड्यांनी दाबून दाबून कडक झालेला असतो, किंवा वितळून पुन्हा गोठलेला. तिथे एमटीचा जमिनीला टेकणारा भाग मुळात कमी, त्यात चिरा नाहीत आणि रबर कडक. इकडे पिकअपवाले हौसेने एमटी लावतात आणि पहिल्या गोठलेल्या चौकात गाडी सिग्नल ओलांडून सरळ पुढे जाते.

दुसरी गोष्ट रबराची. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठ व्हायला लागतं. उणे पंधराला ते इतकं कडक होतं की रस्त्याच्या खडबडीतपणात शिरतच नाही, नक्षी कितीही चांगली असो. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबराचं आणि सिलिकाचं प्रमाण वेगळं ठेवतात, म्हणून तो थंडीतही लवचिक राहतो. यात एक बारकावा आहे. मालवा_पिकअप, तुमच्या प्रवासात कोरडा डांबरी रस्ताही बर्फाहून कमी नसेल. उणे दहाच्या कोरड्या डांबरावरसुद्धा मऊ रबराचा टायर लवकर थांबतो.

आता तोटा. तेच मऊ रबर इंदूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या वर, एबी रोडवर माल घेऊन पळवलं तर झपाट्याने झिजेल. त्यापेक्षा वाईट म्हणजे तापलेल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. ठोकळे मऊ, त्यामुळे वळणावर गाडी डोलल्यासारखी वाटते. खरा हिवाळी टायर वर्षभर वापरायचा नसतो. आम्ही रिमवर चढवलेले दोन वेगळे संच ठेवतो, ऑक्टोबरात एक चढतो, एप्रिलात दुसरा. इंदुरात राहून एका प्रवासासाठी दुसरा संच परवडत असेल आणि ठेवायला सावलीची जागा असेल तर जरूर करा. नसेल तर मधला मार्ग आहे: ज्या एटी टायरवर तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह कोरलेलं आहे तो.

---

मालवा_पिकअप

ताई, मनापासून आभार. हे चिन्ह मी काल शोधलं. एका दुकानातल्या एटीवर "एम+एस" लिहिलेलं होतं, डोंगराचं चित्र नव्हतं. दुकानदार म्हणाला दोन्ही एकच, बर्फासाठीच असतं. खरं आहे का?

---

सुदामानगर_कॅलगरी

नाही, दोन्हींत मोठा फरक आहे. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. पण ते लिहायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही, नक्षीची ठेवण पाहून टायर बनवणारी कंपनी स्वतःच लिहिते. तीन शिखरांचं चिन्ह १९९९ पासून इकडे वापरात आहे आणि ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या तुलनेच्या टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत हिवाळ्यात एम+एस पूर्वी चालायचं, ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, डोंगराचं चिन्हच लागतं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आमच्या शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात बऱ्याच महामार्गांवर ऑक्टोबरपासून ते लागतात, तिथे अजून एम+एसही मान्य आहे, पण नक्षी किमान ३.५ मिलिमीटर खोल हवी.

मात्र चिन्हावर भाबडा विश्वास नको. ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे, काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावरची नाही. चिन्ह असलेला एटी आणि अस्सल हिवाळी टायर यांत गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लावताना बराच फरक पडतो. एटीने बर्फ सांभाळला जातो, काच सांभाळली जात नाही. तिथे साखळ्याच.

नावं हवीत तर: बीएफ गुडरिचच्या ऑल-टेरेन केओ२ वर हे चिन्ह असतं. योकोहामाच्या जिओलँडर ए/टी जी०१५ च्या बऱ्याच मापांवरही असतं. पण मापागणिक आणि कुठल्या देशासाठी बनलाय त्यानुसार फरक पडू शकतो. माहितीपत्रकावर जाऊ नका, दुकानात टायरच्या बाजूवर बोट ठेवून चिन्ह बघा.

---

बडोद्याचा_फौजी

मी निवृत्त झाल्यावर बडोद्यात स्थायिक झालो, नोकरी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या चालत्या ठेवणं हेच काम. उत्तरेच्या डोंगरात बरीच वर्षं गेली. वरचं सगळं पटलं. मला टायरपेक्षा टायर वापरणाऱ्याबद्दल लिहायचंय.

फोर बाय फोर गाडी सुरू करायला आणि चढायला मदत करते. थांबायला ती काहीही मदत करत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, मग गाडी टू व्हील असो की फोर व्हील. थांबणं आणि वळणं ही दोन कामं फक्त रबराची आहेत. चढ सहज चढून गेला म्हणून चालक निर्धास्त होतो आणि पलीकडच्या उतारावर दरीच्या बाजूला घसरतो. असे अपघात मी उचललेले आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की लिफ्ट किट, बंपर, दिवे यांचा खर्च बाजूला ठेवून सगळा पैसा टायर आणि साखळ्यांवर घाला.

साखळ्यांबद्दल. एकच जोडी घेतली तर ती कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच पाळा. फक्त मागे लावली तर चढ चढता येतो, पण उतारावर पुढची चाकं ऐकत नाहीत. फक्त पुढे लावली तर उतारावर मागची बाजू फिरून पुढे यायला बघते. माझं मत विचाराल तर किब्बरच्या शेवटच्या चढासाठी दोन जोड्या न्या. घेण्याआधी पुस्तकात हेही बघा की चाकाच्या आतल्या बाजूला साखळीला पुरेशी जागा आहे का, ती ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासता कामा नये. म्हणूनच मोठ्या मापाचे टायर टाकू नका. रुंद टायर दिसतो छान, पण साखळीची जागा खातो, आणि बर्फावर अरुंद टायरच खाली दाबला जाऊन बरा पकडतो. कंपनीचं २४५ आहे, तेच ठेवा.

आणि साखळी इंदुरातच लावून बघा. पुन्हा पुन्हा लावा, जाड हातमोजे घालून, अंधारात टॉर्च लावून. तिथे बोटं बधिर झाल्यावर पिशवीतून गुंता बाहेर काढून शिकणं होत नाही. बर्फाचा पट्टा सुरू होण्याआधी सपाट, रुंद जागा बघून लावायची. चढावर अडकल्यावर लावायला जाल तर गाडी अंगावर येईल. शंभर-दीडशे मीटर चालवून उतरायचं आणि पुन्हा ताणायची. वेग तीस-चाळीसच्या वर नाही. मोकळं डांबर लागलं की काढायची, नाहीतर साखळी तुटते आणि तुटलेलं टोक मडगार्ड फोडतं.

---

देपालपूरकर

काका, पिकअपचा मागचा भाग रिकामा असला तर काय? आमच्या गाडीचं तर पावसात रिकामी असताना ढुंगण सारखं नाचतं. माल भरला की शहाण्यासारखी चालते.

---

बडोद्याचा_फौजी

हाच पिकअपचा खरा दोष आहे आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. इंजिन पुढे, मागे नुसता पत्र्याचा हौदा आणि मालासाठी बनवलेले कडक पाटे. टू-एचमध्ये, म्हणजे दोनच चाकं जोडलेली असताना, सगळी ताकद मात्र त्याच हलक्या मागच्या चाकांना जाते. त्यामुळे वजन द्यायलाच हवं. पोत्यांत वाळू भरा, ती घट्ट शिवा आणि हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, केबिनच्या बाजूला, तळाशी बांधा. फाळक्याजवळ ठेवू नका. तिथलं वजन पुढची चाकं उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. बांधणं सगळ्यात महत्त्वाचं: अचानक ब्रेक लागला तर सुटं पोतं केबिनची काच फोडून आत येऊ शकतं. चाक जागेवर फिरायला लागलं तर हीच वाळू चाकाखाली पसरायला कामी येते. फार वजनही नको, चार माणसं आणि कॅमेऱ्याचं सामान आहेच. गाडीची भारक्षमता बघून हिशेब करा.

आणखी एक. तुमच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही. फोर-एच, म्हणजे चारही चाकं जोडून, कोरड्या डांबरावर वळलात तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. त्या रस्त्यावर सावलीत बर्फ आणि उन्हात डांबर असं आलटून-पालटून लागेल. सरळ रस्त्यावर, वेग कमी असताना, बर्फाच्या आधी बदला. उतारावर फोर-एल (चारही चाकं, मंद गती), पहिला-दुसरा गिअर, आणि क्लच अलगद. गिअर धाडकन खाली आणला तरी चाकं घसरतात, ब्रेक मारल्यासारखीच.

---

लष्कर_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरात भौतिकशास्त्र शिकवतो. हवेच्या दाबाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. यात एक गंमतशीर गोष्ट आहे जी सहसा सांगितली जात नाही.

सगळे सांगतात की थंडीत टायरमधला दाब कमी होतो, साधारण दर सहा अंशांना एक पीएसआय. ते खरं आहे. इंदुरात २५ अंशांना ३५ पीएसआय भरली आणि काझ्याला उणे वीसला पोहोचलात, तर नुसत्या थंडीने दाब सात-साडेसात पीएसआयने उतरायला हवा. पण दाबमापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, काझा साडेतीन हजारांच्याही वर. तिथे बाहेरची हवा विरळ, त्यामुळे मापक साधारण साडेचार पीएसआय जास्त दाखवेल. एकूण घट उरते ती तीनेक पीएसआय. म्हणून कोणी "इंदुरातून निघतानाच आठ पीएसआय जास्त भरा" म्हणालं तर ऐकू नका. तसं भराल तर उन्हातल्या घाटात टायर फुगलेला राहील आणि मधलाच पट्टा रस्त्याला लागेल.

करायचं इतकंच: स्वतःचा मापक आणि छोटा कंप्रेसर सोबत ठेवा आणि रोज सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना तपासा. दाराच्या कडेच्या पट्टीवर जो आकडा दिलाय तो त्या जागी, त्या थंडीत हवा. परत येताना उलट होईल. काझ्याला ३५ भरलेली इंदुरात ३८ च्या आसपास दिसेल, ती तेव्हा कमी करा.

अजून एक. बर्फ सगळ्यात घसरडा शून्याच्या जवळ असतो, उणे वीसला नाही. शून्याजवळ त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, कडाक्याच्या थंडीत तो जवळजवळ नसतो. म्हणजे पहाटेच्या भयंकर वाटणाऱ्या थंडीत टायरला उलट बरी पकड मिळते. धोका दुपारी, उन्हाने डोंगरावरचं पाणी रस्त्यावर उतरतं तेव्हा, आणि मग संध्याकाळी ते गोठतं तेव्हा. दिवसाचं चालवणं त्या हिशेबाने आखा.

---

बडोद्याचा_फौजी

सर, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. जिथे जिथे झरा किंवा नाला रस्ता ओलांडतो आणि जिथे कडा दिवसभर ऊन अडवतो, तिथे पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो आणि खालचं डांबर दिसत राहतं. रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. हवा शून्याखाली असताना रस्ता ओला दिसला तर तो ओला नाही, गोठलेला आहे असंच समजायचं. वळणाच्या आधी, सरळ रेषेत असतानाच वेग उतरवायचा.

डिझेलबद्दल एक ओळ लिहून ठेवतो. मैदानातल्या डिझेलमधलं मेण त्या थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं होतं. रिकाँग पिओच्या पुढे टाकी भरताना पंपावर विचारून घ्या. बाकी विषय टायरचा आहे.

---

रामबाग_हिमयात्री

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते रागाने घेऊ नये. आम्ही हिवाळ्यात स्पितीला गेलो तेव्हा गाडी रिकाँग पिओला ठेवली आणि पुढे तिथल्याच माणसाची गाडी केली. त्या चालकाला कुठल्या वळणावर किती वाजता पाणी गोठतं हे ठाऊक होतं. समोरून गाडी आली तर कोण मागे घेणार, कुठे घेणार, हेही. ही माहिती टायरमध्ये येत नाही. शिवाय हिवाळ्यात तिथल्या लोकांची कमाई फार थोडी असते, चार पैसे त्यांच्याकडे जातात. चार मित्र मिळून खर्च वाटून घेतला तर नव्या टायरच्या संचापेक्षा जास्त नसेल. गाडी स्वतःच न्यायची हौस समजते, पण पर्याय म्हणून मनात ठेवा.

---

मालवा_पिकअप

रामबागवाले दादा, राग कसला, हा सल्ला मी मित्रांपुढे मांडला. आमचं ठरलंय की काझ्यापर्यंत आपली गाडी न्यायची, कारण रस्त्यात ताबो आणि नाकोच्या आसपास थांबत-थांबत फोटो काढायचे आहेत आणि सामान फार आहे. काझा ते किब्बरच्या चढाला मात्र तिथल्या माणसाची गाडी करायची. रस्ता मोकळा असेल आणि तिथले लोक जा म्हणाले तर आपली. तिथले लोक नको म्हणाले तर वाद घालायचा नाही.

टायरचं म्हणाल तर अस्सल हिवाळी टायरचा विचार सोडला. चिन्ह असलेला एटी, कंपनीच्याच मापात, आणि साखळ्यांच्या दोन जोड्या. एका दुकानात चिन्ह असलेला मिळाला, पण त्यावर मापाच्या आधी एलटी लिहिलंय. आमच्या सध्याच्या टायरवर एलटी नाही. यात काय बघायचं? आणि पुढच्या दोनवर पैसे वाचवून मागचे दोनच नवे टाकावेत असं एक मित्र सुचवतोय.

---

सुदामानगर_कॅलगरी

मित्राला स्पष्ट नाही म्हणा. मागे नवे आणि पुढे झिजलेले असले की गाडी चढेल छान, पण वळणावर पुढचा भाग सरळच जाईल. उलट केलं तर मागचा भाग फिरेल. चारही एकसारखे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. तुमच्या गाडीत याला दुहेरी कारण आहे: फौजीकाकांनी सांगितलं तसं मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरातला फरकही ट्रान्सफर केसला सोसावा लागतो.

एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा टायर. आतले थर जास्त, साइडवॉल जाड, दगडाने फाटायची भीती कमी. पण त्याला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो, आणि गाडी रिकामी असताना तो दणके देतो. दाराच्या पट्टीवरचा आकडा साध्या टायरसाठी आहे, एलटीला तो जसाच्या तसा लावू नका, त्या टायरच्या भार-दाबाच्या तक्त्यातून घ्या. सांवेरला माल वाहता आणि स्पितीत दगड आहेत, म्हणून तुमच्यासाठी एलटी योग्य वाटतो. मित्रांना पाठ जराशी सांभाळावी लागेल. मापानंतरचा भारांक बघा, तो सध्याच्या टायरवरच्या आकड्याहून कमी नको. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १०९ म्हणजे १०३०.

आणि बनल्याची तारीख. साइडवॉलवर लांब क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ३४२३ असेल तर २०२३ सालचा ३४ वा आठवडा. आपल्याकडच्या तापलेल्या गोदामात टायर नुसता पडून राहिला तरी रबर कडक होतं, आणि तुम्ही तर मऊपणाचेच पैसे देताय. जुना माल सवलतीत देतो म्हणाले तरी घेऊ नका.

---

देपालपूरकर

ताईंचं आणि काकांचं वाचून बर्फाचं समजलं. पण मालवा_पिकअप, तुमचं सांवेरचं शेत आमच्यासारख्याच मातीचं आहे. एटीने जुलैत अडकाल हे आत्ताच सांगून ठेवतो.

---

मालवा_पिकअप

दादा, ते मान्य करूनच घेतोय. शेताच्या रस्त्यावर अडकलो तर ट्रॅक्टर बोलावता येतो, आणि अगदी चिखल असला तर गाडी सडकेला ठेवून पायी जाता येतं.

---

बडोद्याचा_फौजी

बरोबर विचार केलात. आता उरलेलं सांगतो. टायर चार नव्हे, पाच घ्या. स्टेपनी जुन्या हायवेच्या टायरची ठेवलीत आणि नाकोच्या वर पंक्चर झालं तर ताईंनी वर सांगितलेलं सगळं एका चाकाने वाया जाईल. मागचं चाक गेलं तर फोर-एचमध्ये वेगळ्या घेराची स्टेपनी लावून चालवणं अजिबात नको. स्टेपनी खाली गाडीच्या पोटाला टांगलेली असते, तिचा दोर आणि चावी चालते का ते इंदुरातच खाली-वर करून बघा. मीठ-माती लागून ती गंजते आणि तिथे उतरत नाही.

जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी घ्या, गोठलेल्या जमिनीवर जॅक सरकतो. फावडं घ्या. चाकामागे लावायला दोन उटी घ्या.

---

लष्कर_ग्वाल्हेर

आणि टायर निघण्याच्या आदल्या दिवशी बदलू नका. नव्या टायरचा वरचा थर साच्यातून आल्यामुळे गुळगुळीत असतो. काहीशे किलोमीटर साधं चालवल्यावर तो जातो आणि खरी पकड मिळायला लागते. जानेवारीच्या सुरुवातीला बसवलेत तर इंदूर-भोपाळच्या एक-दोन फेऱ्यांत हे काम होईल. चाकांचे नट पुन्हा आवळण्याची आठवणही तेव्हाच ठेवा.

---

मालवा_पिकअप

पाच टायर सांगितले आहेत, एलटी, तीन शिखरांच्या चिन्हाचे. तारीख बघूनच घेईन असं दुकानदाराला आधी सांगून ठेवलंय. साखळ्या आल्या की रविवारी गाडीवर बसवायचा सराव करू, चौघंही, कारण तिथे कोण आजारी पडेल सांगता येत नाही.

ताई, एक शेवटचं. हे टायर परत आल्यावर वर्षभर इंदुरातच फिरणार. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं ठरलं तर ते चालतील का, हे कशावरून ठरवायचं?

---

सुदामानगर_कॅलगरी

नक्षीची खोली मोजून. कायद्याचा किमान १.६ मिलिमीटर आकडा बर्फासाठी विसरा. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलिमीटरची अट आहे, आणि एटीला मी त्याहून जास्त, सहाच्या आसपास ठेवेन. कारण चिरा सहसा तळापर्यंत जात नाहीत. वरचे ठोकळे झिजले की चिरा आधी संपतात आणि नक्षी शिल्लक दिसत असूनही बर्फावरचा टायर संपलेला असतो. म्हणून नुसती खोली नको, ठोकळ्यावर चिरा अजून दिसतात का तेही बघा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे बदलत राहा, पाचव्यालाही त्या फेऱ्यात घ्या, म्हणजे पाचही सारखे झिजतील. उन्हाळ्यात गाडी बंद राहणार असेल तर सावलीत ठेवा. आणि पुढच्या डिसेंबरात ठोकळ्यांचे जवळून फोटो इथे टाका, चिरा किती उरल्या आहेत ते पाहून सांगते.